प्राण्यांच्या कायद्यांबाबत आपले खासदार-आमदार काय करतात, याची नोंद कशी ठेवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या खासदारांनी प्राण्यांच्या बाजूनं मत दिलं की विरोधात, हे कुठं पाहायला मिळेल?

बहुतेक वेळा कुठंच नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त नाराज होतात, म्हणून तो आधी घेतला.

आपल्याकडे बहुसंख्य विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, सभागृह एका सुरात उत्तर देतं, ‘होयचे बहुमत, विधेयक संमत’ असं जाहीर होतं आणि कामकाज पुढं सरकतं. कोण ‘होय’ म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर चहा घेत होतं, यातलं काहीही लिहिलं जात नाही. एखाद्या सदस्यानं मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच मतांची मोजदाद होऊन नोंद राहते. तशी मागणी क्वचित होते.

वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती पाहा. लोकसभेनं ती २ ऑगस्ट २०२२ ला मंजूर केली, राज्यसभेनं ८ डिसेंबर २०२२ ला, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पाळीव हत्ती ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी’ हस्तांतरित करता किंवा हलवता येईल, अशी सवलत त्यात आहे. ‘अन्य कोणत्याही’ या दोन शब्दांमुळे हत्तींच्या व्यापाराला दार उघडेल, असा इशारा प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी तेव्हाच दिला होता. विधेयक दोन्हीकडे आवाजी मतदानानं निघालं. पुढं जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातमधल्या वनतारा या प्राणीकेंद्रात गेली, अख्खा कोल्हापूर जिल्हा हळहळला, आणि पाळीव हत्तींचा कायदा घरोघरी चर्चेला आला. २०२२ मध्ये आपल्या भागातला खासदार या मुद्द्यावर काय बोलला होता, हे तेव्हा शोधायचं म्हटलं तर मतांची यादी हाती लागत नाही. हाती लागतं ते चर्चेचं इतिवृत्त, आणि त्यातही जो उभा राहून बोलला त्याचंच.

मतविभागणी झालीच, तर मत हा खरा पुरावा मानायचा का?

अर्धाच. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षानं व्हिप (अमुक बाजूनं मत द्या असा आदेश) काढल्यावर विरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तर सदस्यत्व जाऊ शकतं. अशा मतात पक्षाची भूमिका दिसते. त्या माणसाला स्वतःला काय वाटतं, हे त्यातून कळत नाही. म्हणून आपल्याकडे जिथं व्हिप पोचत नाही त्या गोष्टी पाहाव्या लागतात.

त्या कोणत्या?

प्रश्न, भाषणं, सुचवलेल्या दुरुस्त्या, अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेली) विधेयकं, समितीतलं काम, आणि सरकारकडून मिळवलेली आश्वासनं. प्रश्न विचारायला पक्ष सहसा अडवत नाही आणि न विचारल्याबद्दल जाबही विचारत नाही. त्यामुळे एखादा खासदार पाच वर्षांत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर चार प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला (किंवा निदान त्याच्या कार्यालयात बसणाऱ्या कुणाला तरी) त्या विषयाची खरी काळजी आहे, असं समजायला हरकत नाही.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताला मंत्री सभागृहात उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव, मंत्रालय किंवा विषय घालून हे सगळं शोधता येतं. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चांतला सहभाग, प्रश्नांची आणि अशासकीय विधेयकांची संख्या मांडते, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरीही देते. मात्र त्यातले प्राण्यांविषयीचे किती, ही चाळणी आपणच लावायची. आमदारांच्या बाबतीत काम जास्त चिकट आहे: महाराष्ट्र विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या त्या दिवसाच्या प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधी सूचना आणि कार्यवाही एकेक करून उघडावी लागते.

मंत्रालय कोणतं निवडायचं? ‘प्राणी’ असा शब्द घालून शोधलं तर फारसं काही येत नाही.

इथं बरेच जण अडकतात. प्राण्यांचा विषय एका खात्यात बसत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पूर्वी पर्यावरण मंत्रालयाकडे होता, २०१९ मध्ये तो पशुसंवर्धनाकडे गेला. म्हणजे २०१८ चा प्रश्न एका मंत्रालयाखाली आणि २०२० चा दुसऱ्याच. वन्यजीव अजून पर्यावरणाकडेच आहेत. राज्यात बिबट्या वन विभागाकडे, भटका कुत्रा नगरविकासाकडे, गुरांची कोंबून वाहतूक झाली तर गृह आणि पशुसंवर्धन दोन्हीकडे. विधिमंडळाच्या कागदांत शोधताना ‘मोकाट’, ‘श्वान’, ‘निर्बीजीकरण’, ‘जनावरे’, ‘गोवंश’, ‘बिबट’ असे शब्द घाला. ‘प्राणी कल्याण’ हा शब्द आपण वापरतो, सरकारी कागद फारसा वापरत नाही.

आणि नावात प्राणी आहे म्हणून प्रश्न प्राण्याच्या बाजूचा, असंही नाही. जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यातल्या बिबट्यांवरचे प्रश्न वाचा. उसाच्या फडात माणसं मरतात, तिथल्या लोकप्रतिनिधीनं बिबटे पकडण्याची मागणी करणं स्वाभाविक आहे आणि ते त्याचं कामच आहे. अशा प्रश्नापुढं आम्ही नोंद ठेवणारे आमच्या वहीत ‘बाजूनं’ किंवा ‘विरोधात’ असं काही लिहीत नाही. त्यानं काय मागितलं ते शब्दशः लिहितो.

ज्याचे प्रश्न जास्त, तो चांगला, असं म्हणता येईल का?

नाही, आणि यासाठी एक तरी प्रश्नाचा कागद नीट पाहिला पाहिजे. विधानसभेतला ठरावीक साचा असा असतो: पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, (१) अमुक शहरात मोकाट जनावरांचे हाल होत असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि शेजारी उत्तर: (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

आता वर पाहा. एका प्रश्नावर पाच, दहा, कधी त्याहूनही अधिक सदस्यांची नावं असतात. मोजणाऱ्यानं प्रत्येकाच्या खात्यात एकेक प्रश्न टाकला की त्यातला कुणीही मेहनती दिसू लागतो. खरा फरक पुढं कळतो. ‘हे खरे नाही’ असं उत्तर आल्यावर यातल्या कुणी पुढच्या अधिवेशनात फोटो, पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला घेऊन तोच विषय पुन्हा काढला का? लक्षवेधी लावली का? अर्ध्या तासाची चर्चा मागितली का? असा पाठपुरावा करणारं नाव सापडलं, की त्या एका नावाला मी वीस सह्यांपेक्षा जास्त मोल देते.

अशासकीय विधेयकं कधीच मंजूर होत नाहीत. मग ती कशाला मोजायची?

स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातला शेवटचा १९७० मधला. शुक्रवारी दुपारनंतर, खासदार आपापल्या मतदारसंघाकडे निघालेले असताना, या विधेयकांची पाळी येते. बरीचशी चर्चेलाही येत नाहीत आणि लोकसभा विसर्जित झाली की व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात.

तरीही ती मोजायची, कारण आपला प्राण्यांसाठीचा मूळ कायदाच अशा ‘मंजूर न झालेल्या’ विधेयकातून आला आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी विधेयक मांडलं. पंतप्रधान नेहरूंनी सरकार स्वतः व्यापक कायदा आणेल असं आश्वासन दिलं, तेव्हा त्यांनी आपलं विधेयक मागं घेतलं. सरकारनं समिती नेमली आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच. नुसत्या आकड्यांनी गुण देणाऱ्याच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढं काय येईल? विधेयकं मांडली: एक. मंजूर: शून्य. शेरा: मागे घेतले. म्हणून आमच्या वहीत ‘पुढं काय झालं’ हा रकाना सगळ्यात रुंद आहे.

मंत्र्यांच्या नावापुढं प्रश्नांची संख्या शून्य दिसते. ते निष्क्रिय असतात का?

मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. अध्यक्षही विचारत नाहीत. मेनका गांधी २०१४ ते २०१९ केंद्रात मंत्री होत्या, त्या काळात त्यांचा एकही प्रश्न सापडणार नाही. त्यावरून त्यांना प्राण्यांची पर्वा नव्हती असं कुणी म्हणणार नाही. मंत्र्याचं मोजमाप अधिसूचना, नियम आणि दिलेली आश्वासनं यांवरून करायचं. लोकसभेत मंत्री ‘माहिती घेऊन सांगतो’ किंवा ‘विचाराधीन आहे’ असं म्हणाला, की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि साधारण तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. आश्वासन समितीचे अहवाल कुणी वाचत नाही. प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी तरी वाचावेत.

समित्यांच्या कामाला तुम्ही इतकं महत्त्व का देता?

कारण तिथं व्हिप नसतो आणि असहमती लेखी नोंदवता येते. एक उदाहरण पुरेसं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली प्राण्यांवरचा लैंगिक अत्याचार गुन्हा होता. भारतीय न्याय संहितेत हे कलमच गाळलं गेलं. गृह मंत्रालयाशी संलग्न संसदीय समितीनं नोव्हेंबर २०२३ च्या अहवालात ते असंमतीच्या कृत्यांसाठी आणि प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यासाठी परत आणावं, अशी स्पष्ट शिफारस केली. डिसेंबरात विधेयकं मंजूर झाली तेव्हा ते परत आलेलं नव्हतं. त्याच अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले होते.

या एका प्रकरणाची नोंद कशी करणार? समितीतल्या सदस्यांचं काम त्यांच्या नावे लिहायचं. निलंबित खासदाराच्या नावापुढं ‘गैरहजर’ असं कोरडं लिहायचं नाही, कारण तो सभागृहात जाऊच शकत नव्हता. आणि १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाल्यापासून ही उणीव भरून काढण्यासाठी कुणी प्रश्न विचारला, कुणी विधेयक मांडलं, हे शोधत राहायचं. या कलमाचा शोध मी अजून प्रत्येक अधिवेशनात घेते.

बैलगाडा शर्यतीला पाठिंबा देणाऱ्या आमदाराला काय गुण द्यायचे?

गावाकडून सगळ्यात तिखट पत्रं याच विषयावर येतात, त्यामुळे जरा सविस्तर.

११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं खेळासाठी प्रदर्शन करायला मनाई असलेल्या प्राण्यांत बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडूनं राज्यापुरती कायदादुरुस्ती केली, एप्रिलमध्ये महाराष्ट्रानं. आपल्या विधानसभेनं ती एकमतानं मंजूर केली. मग प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकलं, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शिरूरचे दोन्ही प्रतिस्पर्धी, शिवाजीराव आढळराव पाटील आणि अमोल कोल्हे, या एका मागणीवर मात्र एकाच बाजूला उभे होते.

शर्यतवाले म्हणतात, शर्यत आहे म्हणून खिलार जातीचा बैल जगलाय, शर्यत गेली की बैल खाटकाच्या दारात जाईल. विरोध करणारे शेपटी पिरगाळणं, टोचणी, चाबूक, बॅटरीचे झटके दाखवतात. मी दुसऱ्या बाजूची आहे, ते लपवत नाही. पण नोंदवहीत माझं मत लिहायचं नसतं. आणि जिथं विधानसभा एकमतानं बोलली, तिथं ‘पाठिंबा’ या शब्दानं २८८ जणांत काहीच फरक कळत नाही. फरक पुढं कळतो. त्याच दुरुस्तीत बैलाचे हाल करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. शर्यतीसाठी घसा कोरडा करणाऱ्या किती आमदारांनी नंतर विचारलं की किती शर्यतींत अटी मोडल्या, किती गुन्हे दाखल झाले, पशुवैद्यक हजर होता का? हा प्रश्न विचारणारा आमदार शर्यतीचा समर्थक असला तरी आमच्या वहीत त्याच्या नावे चांगली नोंद होते.

गोवंश हत्याबंदीचं मत प्राणिरक्षणात धरता का?

वेगळ्या रकान्यात. त्या कायद्याचा पाया पशुधन जतन करण्याचा आहे, क्रूरता रोखण्याचा कायदा निराळा. शिवाय त्यात काळाचा घोळ आहे. महाराष्ट्राची दुरुस्ती १९९५ मध्ये विधिमंडळात मंजूर झाली, राष्ट्रपतींची संमती आली २०१५ मध्ये. वीस वर्षं! मत देणाऱ्यांपैकी कित्येक जण तोवर सभागृहात नव्हते, काही हयातही नव्हते. त्यामुळे इथं आम्ही नंतरचं पाहतो. भाकड जनावरं कोण सांभाळतं, गोशाळांच्या चाऱ्याचं अनुदान वेळेवर येतं का, दुष्काळात छावण्या कधी सुरू झाल्या, हे कोण विचारतं?

अमेरिकेत म्हणे प्रत्येक खासदाराची प्राण्यांवरची गुणपत्रिका निघते. आपल्याकडे तशी का नाही?

तिथं ह्युमेन सोसायटी लेजिस्लेटिव्ह फंड ही संस्था (आता तिचं नाव बदललं आहे) वर्षानुवर्षं ‘ह्युमेन स्कोअरकार्ड’ काढत आली. निवडक विधेयकांवरचं मत, विधेयकाला सहपुरस्कर्ता म्हणून दिलेलं नाव, अंमलबजावणीला निधी मिळावा म्हणून केलेली पत्रावरची सही, असं सगळं मोजून ० ते १०० गुण. पुढाकार घेणाऱ्याला जादा. हे जमतं, कारण तिथं मत नावानिशी नोंदलं जातं आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाचं सदस्यत्व जात नाही. वाघ-सिंह खासगी घरात पाळण्यावर बंदी घालणारं विधेयक जुलै २०२२ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात २७८ विरुद्ध १३४ मतांनी मंजूर झालं, आणि या मतांमागचं प्रत्येक नाव आज कुणालाही पाहता येतं.

तोच साचा इथं लावला तर आवाजी मतदानाच्या जागी सगळे रकाने रिकामे राहतील, किंवा कुणीतरी अंदाजानं भरेल. अंदाजानं दिलेले गुण मला मान्य नाहीत. एखाद्याला उगाच नापास केलं, तर पुढच्या वेळी त्याच्या कार्यालयात प्राण्यांचं नाव काढायची सोय उरत नाही.

कुत्र्यांच्या नसबंदीबद्दल खासदाराला जाब विचारायचा की नगरसेवकाला?

नियम केंद्राचे आहेत, १० मार्च २०२३ चे. ते राबवायचे मात्र स्थानिक संस्थेनं. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरता रोखणं ही नगरपालिकांची कामं म्हणून लिहिलेली आहेत. म्हणून सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि अंदाजपत्रक पाहा: निर्बीजीकरणाला किती तरतूद होती, किती खर्च झाली, कोणत्या नगरसेवकानं विषय काढला. आपल्या अनेक महापालिकांत २०२२ नंतर निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता, त्यामुळे त्या पानांवर फक्त प्रशासकाचे ठराव दिसतील. इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं काम आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

क्रूरतेला आजही ५० रुपयेच दंड आहे, हे खरं का?

खरं आहे. १९६० च्या कायद्याचं कलम ११: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात दंड बराच वाढवला होता, ७ डिसेंबरपर्यंत हरकती मागवल्या, आणि मसुदा तिथंच राहिला. कोणत्या खासदारानं ‘त्या मसुद्याचं काय झालं’ असं किती वेळा विचारलं, ही माझ्या मते सगळ्या वहीतली सगळ्यात बोलकी नोंद.

मला माझ्या आमदारांची नोंद सुरू करायची आहे. कुठून सुरुवात करू?

एक आमदार, एक अधिवेशन, एक वही. प्रत्येक नोंदीला तारीख, प्रकार (तारांकित, लक्षवेधी, भाषण), त्यांचे शब्द, उत्तर, आणि पुढं काय झालं. वर्तमानपत्रातलं वाक्य लिहायचं तर तसं नमूद करा आणि मूळ कार्यवाही मिळेपर्यंत पेन्सिलनं लिहा. लिहून झालं की आमदारांना दाखवा. ‘अहो, मी हे पत्रही दिलं होतं’ असं म्हणून बरेच जण फाइल काढून देतात, तीही नोंदीत घ्या.

आणि त्यांनी काहीच विचारलेलं नसेल तर?

मग प्रश्न तुम्ही लिहून न्या, तयार. नमुना म्हणून आम्ही देतो तो उसाच्या बैलांचा. ओझ्याच्या जनावरांचे १९६५ चे नियम सांगतात की दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही. एप्रिलच्या उन्हात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उभ्या गाड्यांची रांग पाहा, बैलांच्या खांद्यावरच्या गाठी पाहा. गाडीवानही त्याच उन्हात असतो, त्याच्यावर कोयता-गाडीची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) असते, त्यामुळे प्रश्न त्याच्याविरुद्ध लिहू नका. असा लिहा: गेल्या गाळप हंगामात या नियमांखाली किती कारखान्यांच्या आवारात तपासणी झाली, तिथं सावली, पाणी आणि पशुवैद्यकाची सोय आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच द्या, कारण सूचना बऱ्याच आधी द्यावी लागते. ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं, तर ते तारखेसकट वहीत उतरवा, पुढच्या हंगामात दुपारी एक वाजता काट्यापुढं उभं राहून फोटो काढा आणि पुन्हा आमदारांकडे जा.